दोन जाडीचे शाफ्ट

त्र्यंबक देवस्थळींना मी घरी काका म्हणायचो आणि ऑफिसात काहीच म्हणायचो नाही.

ऑफिसात सगळे त्यांना टिम म्हणत, अगदी झाडूवाल्यापासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत. त्र्यंबक हे नाव डेट्रॉइटमधल्या कुठल्याच जिभेला झेपणारं नव्हतं. त्यामुळे १९६२ साली हॅलोरन मोटर्समध्ये रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा टिम झाला. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. १९७४ च्या जानेवारीत पुण्याहून शिकायला आलो तो थेट त्यांच्या तळघरात उतरलो आणि दोन हिवाळे तिथंच राहिलो. मालिनीकाकूंनी मला रोज गरम पोळ्या वाढल्या. काकांनी आपला जुना ओव्हरकोट दिला, बर्फात गाडी चालवायला शिकवलं आणि डिग्री हातात पडल्यावर आपल्याच कंपनीत चिकटवून घेतलं. अशा माणसाला चारचौघांत 'टिम' अशी हाक मारायची? माझी जीभ रेटेना. बरं, अमेरिकन साहेबांसमोर 'काका' म्हणणंही शोभलं नसतं. मग मी मधला मार्ग काढला. त्यांच्याशी काम असलं की टेबलाजवळ जाऊन खाकरायचं. मीटिंगमध्ये तर त्यांना उद्देशून बोलायचंच नाही. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मला त्याचा चांगला अभिमान होता. संस्कार संस्कार म्हणतात ते हेच, असं वाटायचं. आता त्या अभिमानाची मला शिसारी येते.

काका मागच्या ॲक्सलच्या खात्याचे प्रमुख होते. आमची रेडहॉक म्हणजे मसल कार. पुढे अवाढव्य इंजिन, सगळी ताकद मागच्या चाकांना, आणि सिग्नल हिरवा झाला की टायरचा धूर काढत सुटायचं, एवढंच तिचं काम. तिची मागची दोन चाकं एकाच अखंड लोखंडी दांड्याला, म्हणजे काकांच्या ॲक्सलला, जोडलेली असत. मी ज्या गटात होतो त्या गटाचं म्हणणं होतं, की हा दांडा आता काढा. प्रत्येक चाकाला स्वतंत्र आधार द्या, स्वतंत्र स्प्रिंग द्या. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला त्याचा पत्ता लागता कामा नये.

गंमत अशी, की दांड्याचा दोष मला काकांनीच शिकवला होता. मी नवीन असताना एकदा जेवणाच्या टेबलावर त्यांनी काकूंचं लाटणं आडवं ठेवलं आणि त्याच्या एका टोकाखाली वाटी सरकवली.

"बघ. हे टोक वर गेलं, की ते टोकसुद्धा कलतं. म्हणजे खड्डा एका चाकाला, पण ग्रिप दोन्ही चाकांची जाते. वळणावर रस्ता खराब असेल तर गाडी मागून उडी मारते." मग तेच लाटणं टेबलावर आपटून म्हणाले, "पण तू हे मोडून दाखव मला! सिंपल आहे, स्वस्त आहे, आणि दणकट आहे. रेडहॉकवाल्याला सरळ रेषेत पळायचं असतं रे. वळणं त्याच्या खिजगणतीत नसतात."

"व्याख्यान झालं असेल तर माझं लाटणं द्या," काकू म्हणाल्या. "तव्यावर पोळी करपतेय."

काकांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मी कबूल करतो. आमच्या स्वतंत्र चाकांना एक रोग होता. थांबलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम दाबला, की मागची दोन्ही चाकं रस्त्यावर थडाथडा नाचायला लागायची. बसणाऱ्याचे दात वाजायचे, कधीकधी सुटे भागही तुटायचे. चार वर्षं मी त्या थडथडीच्या मागे होतो. रबरं बदलली, स्प्रिंगा बदलल्या, शॉक ॲब्सॉर्बर उलटसुलट लावून पाहिले. रोग हटेना.

मग एकदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दोन शाफ्ट असतात, डाव्या चाकाला एक आणि उजव्याला एक. दोन्ही एकाच जाडीचे. त्यामुळे जोर आला की दोन्ही सारखेच पिळले जातात आणि एकाच क्षणी उलगडतात. दोन पोरं पलंगावर एका तालात उड्या मारायला लागली तर पलंग मोडतो. त्यांचा ताल जुळला नाही तर तो नुसता कुरकुरतो. म्हटलं, आपण ताल बिघडवू या. एक शाफ्ट जाड करू आणि दुसरा बारीकच ठेवू.

अर्ल नावाचा आमचा म्हातारा मेकॅनिक होता. त्यानं तो जोड बसवला आणि ४ नोव्हेंबर १९८३ ला, शुक्रवारी, आम्ही दोघांनी गाडी टेस्ट ट्रॅकवर नेली. चाळीस वेळा थांबून ॲक्सिलरेटर दाबला. चाळिसाच्या चाळीस वेळा गाडी रुळांवरून धावल्यासारखी सरळ गेली. थडथड नाही, दात वाजणं नाही. अर्लनं टोपी काढून आकाशात भिरकावली. मला रडू फुटायचंच बाकी होतं. पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्यांवर मी तारीख घातली, खाली 'चाळीस स्टार्ट, थडथड शून्य' असं लिहिलं आणि दोन्ही शाफ्टांना एकेक बांधली.

रेडहॉकच्या नव्या मॉडेलला दांडा की स्वतंत्र चाकं, याचा शेवटचा निर्णय सोमवारी सकाळी व्हायचा होता.

आता कुणीही शहाणा इंजिनिअर त्या संध्याकाळी काय करेल? अर्धं पान टाइप करून साहेबाच्या टेबलावर ठेवेल. मी पानभर टाइप केलं आणि बॅगेत घातलं. म्हटलं, काकांचा वीस वर्षांचा दांडा मोडणार, तर ते त्यांना परक्यांच्या तोंडून आधी कळायला नको. घरी जाऊन, एकटं गाठून, आपल्या भाषेत आपणच सांगावं. मोठ्यांचा मान ठेवून.

शनिवारी दिवाळीचा पाडवा होता. काकांच्या घरी दरवर्षीप्रमाणे चाळीसेक मराठी माणसं फराळाला जमली होती. बाहेर थंडी मी म्हणत होती, म्हणून त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं, वीणानं, रांगोळी गॅरेजमध्ये काढली होती, बापाच्या गाडीच्या पुढ्यात. मी काकांना बाजूला घ्यायची संधी शोधत होतो. तेवढ्यात काकूंनी चकल्यांचं ताट पुढे केलं.

"नरेंद्र, आज ऑफिसचा विषय काढलास तर चकली मिळणार नाही हं. गेले दोन आठवडे यांना झोप नाही त्या मीटिंगपायी. बीपी वाढलंय."

आणि काका सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "हा माझा शत्रू बरं का! माझा दांडा मोडायला निघालाय यार." सगळे खोखो हसले. मीही हसलो. त्या हसण्यात कसं सांगणार? रविवारी नीला, माझी बायको, म्हणाली, "अरे मग फोन कर ना सरळ!" मी म्हटलं, भाऊबीज आहे, घरी पाहुणे असतील, सोमवारी मीटिंगच्या आधी गाठतो. सोमवारी ते सकाळपासून मोठ्या साहेबांच्या, केसलरच्या, केबिनमध्ये होते. ते बाहेर आले ते थेट मीटिंगलाच.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. ते मला नेहमी शेजारी बसवायचे. काकांनी दोन महिन्यांपूर्वीची फिल्म लावली. पडद्यावर आमची गाडी थडथडत होती आणि टेबलाभोवती साहेब लोक हसत होते.

"यावर इलाज नाही," काका इंग्रजीत म्हणाले. "चार वर्षं झाली. या विषयातला नरेंद्रपेक्षा चांगला माणूस मी पाहिलेला नाही. त्याला जमलं नाही, म्हणजे कुणालाच जमणार नाही."

ते पान माझ्या मांडीवर होतं. त्यावर माझा हात होता. केसलर म्हणाला, "नरेंद्र, तुला काही सांगायचंय?"

मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, वाक्य तयार होतं. पण ते वाक्य 'टिम'नं सुरू होत होतं. 'टिम, तुमची माहिती जुनी आहे.' नऊ जणांसमोर, ज्याच्या घरचं अन्न दोन वर्षं खाल्लं त्याला. खाल्ल्या घरचे वासे मोजणं दुसरं काय असतं? काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले, अगदी मायेनं.

"नो," मी म्हटलं. "नथिंग."

मनाशी म्हटलं, दुपारी त्यांना एकटं गाठून सांगू. ते प्रामाणिक आहेत, स्वतःच केसलरकडे जातील. दुपारी दोनला निर्णयावर सह्या झाल्या आणि माझा गट मोडला. तीन वाजता काका माझ्या टेबलाशी आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हा तरी सांगावं! पण आता सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं, शिवाय सही झाल्यावर त्यांना तोंडघशी पाडणं. मी मूग गिळून बसलो. आज सांगितलं नाही म्हणून उद्या सांगणं आणखी कठीण झालं, आणि महिन्याभरात ते अशक्यच झालं. मला ब्रेकच्या खात्यात टाकलं. शाफ्ट कंपनीच्या कोठीत गेले. मी दर दिवाळीला चकल्या खात राहिलो.

वीणा १९८६ मध्ये ॲन आर्बरच्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा काकांनी तिला लाल रेडहॉक दिली. पोरगी बापासारखीच गाडीवेडी. किल्ली देताना काका म्हणाले, "हिचा ॲक्सल मी केलाय. तुझ्या नातवंडांना पुरेल." मी तिथंच उभा होतो. मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, संध्याकाळी साडेपाचला, ती कामावरून घरी येत होती. मिशिगनचे रस्ते एप्रिलमध्ये कसे असतात ते इथं राहिलेल्याला सांगायला नको. हिवाळ्याच्या बर्फानं डांबर फुटून जागोजागी खड्डे पडलेले असतात. पाऊस भुरभुरत होता. नॉर्थव्हिल गावाच्या अलीकडच्या डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. वीणा वाचली. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि उजव्या पायाच्या शिरा दुखावल्या. पोलिसांनी कागदावर ओला रस्ता आणि ड्रायव्हरची चूक असं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, चालेल. पण कशी आणि किती, ते आत्ता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. ती बापाला सांगत होती, "डॅड, आय वॉजन्ट स्पीडिंग. इट जस्ट जम्प्ड. द बॅक ऑफ द कार जस्ट जम्प्ड साइडवेज."

काकांचा चेहरा मी पाहिला. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि जिन्यात बसून राहिलो.

जूनमध्ये वीणा घरी आली. एका रविवारी सकाळी काकांचा फोन आला. "दुपारी ये. एकटाच ये."

मी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर काहीही मांडलेलं नव्हतं. फक्त मधोमध पुठ्ठ्याची एक चिठ्ठी होती. अक्षर माझंच होतं. न सांगता मी खुर्चीत बसलो. आतल्या पॅसेजमध्ये वीणा वॉकर घेऊन चालायचा सराव करत होती. वॉकर टेकल्याचा आवाज यायचा, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा वॉकरचा.

"अर्ल आला होता तिला बघायला," काका म्हणाले. "जाताना सहज बोलून गेला. म्हणाला, त्या पोराच्या दोन जाडीच्या शाफ्टांना चान्स मिळायला हवा होता. मी म्हटलं, कुठले शाफ्ट? मग काल कोठीत जाऊन शोधले. दोन्ही आहेत अजून. गंजलेत." त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "फोर्थ नोव्हेंबर, एटी थ्री. शुक्रवार होता. मी कॅलेंडर काढून बघितलं. शनिवारी तू या घरात होतास."

"हो."

"सोमवारी माझ्या शेजारी बसला होतास."

"हो, काका."

"मी त्या वळणावर चार वेळा जाऊन आलोय. खड्डा मोजलाय. उजव्या चाकाच्या लायनीत आहे. वीणा लिमिटच्या आत होती, टायरच्या खुणांवरून मी काढलंय कॅल्क्युलेट करून." ते हिशेब नुकताच संपवल्यासारखे बोलत होते. "आता तू मला सांग. तिथं तुझी गाडी असती तर?"

मला पुन्हा तेच सुचलं जे नेहमी सुचतं. "काका, नक्की कसं सांगणार? पाऊस होता, टायर कसे होते कोण जाणे, नशीब म्हणून काही…"

"काका नको!" ते ओरडले. पॅसेजमधला वॉकर थांबला. त्यांनी आवाज खाली आणला. "काका म्हणून तू मला खोटंच सांगणार. आज टिम म्हण. त्या दिवशी जे म्हणायचं होतंस ते म्हण."

समोर माझा देव बसला होता आणि मी त्याच्या मुलीबद्दल बोलणार होतो.

"टिम," मी म्हटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. "उजवं चाक खड्ड्यात गेलं असतं. डाव्याला कळलंही नसतं. गाडीला हिसका बसला असता, पण ती वळणात राहिली असती. बहुतेक राहिली असती."

"बहुतेक म्हणजे किती?"

"दहातल्या नऊ वेळा."

त्यांनी चिठ्ठी उलटी करून ठेवली. मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," काका म्हणाले. त्यांनी मला सूट दिली नाही. मग माझ्याकडे न बघता ते हळू आवाजात म्हणाले, "केसलरनं तुला विचारलं, तेव्हा मी तुझ्याकडे बघून हसलो होतो. आठवतं?"

आठवतं म्हणजे? साडेतीन वर्षं ते हसू मी प्रेमानं जपून ठेवलं होतं.

"शुक्रवारी ट्रॅकवर काहीतरी झालंय, एवढं माझ्या कानावर होतं. काय झालंय ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, मी हसलो की तू बोलणार नाहीस. तू कधीच बोलला नाहीस. उगाच नाही मी तुला शेजारी बसवायचो."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण पॅसेजमध्ये वॉकर पुन्हा टेकला, पाय ओढला गेला, आणि रागाला काही जागाच उरली नाही. एकानं तोंड उघडलं नाही आणि दुसऱ्यानं ते उघडू दिलं नाही. किंमत मोजत होती ती त्या पॅसेजमध्ये.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. कप ठेवले आणि वीणाला आधार द्यायला आत गेल्या. आम्ही दोघांनी चहा घेतला नाही.

मी उठलो. पायात बूट घातले, दार उघडलं. त्या घरातून निघताना तेरा वर्षं मी एकच वाक्य म्हणत आलो होतो, 'येतो, काका.' त्यावर आतून 'सावकाश जा रे' असं उत्तर यायचं.

"येतो," मी म्हटलं. आणि पुढे काय म्हणावं ते मला कळेना.

ते टेबलाशीच बसून होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहिली. मी दार ओढून घेतलं.